एमजीबी जीटी, १९७० : हेडरचं पॅकिंग, स्टड आणि जाड वायसर (प्रकल्प नोंदी)

१ मार्च २०२५, शनिवार

जागा : कॉव्हेंट्री (इंग्लंड), घरामागचं गॅरेज. गाडी : एमजीबी जीटी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार), १७९८ सीसी, एसयू कंपनीचे जोड कार्बोरेटर. एक्झॉस्टला मूळचं बिडाचं (ओतीव लोखंडाचं) मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांतला धूर गोळा करून पाइपात सोडणारा भाग, नाही. आधीच्या कुणा मालकाने त्याऐवजी तेच काम करणारा, माइल्ड स्टीलच्या नळ्यांचा हेडर बसवलेला आहे.

सकाळी तापमान ३ अंश. चोक ओढून स्टार्टर मारला आणि बॉनेटखालून तोच आवाज आला : टिक टिक टिक, इंजिनच्या वेगाबरोबर पळणारा. दहाएक मिनिटांत इंजिन तापलं आणि आवाज विरला. टॅपेटचा (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाचा) आवाज असा विरत नाही. थंडीत येणारा आणि गरम झाल्यावर जाणारा टिकटिकाट म्हणजे बहुतेक वेळा हेडरचा जोड. लोखंड फुगतं आणि फट तात्पुरती बुजते. शिवाय उतारावर पाय सोडला की मागून फटफट बार निघतात. तीही त्याच दुखण्याची खूण. धुराच्या प्रत्येक धक्क्यानंतर नळीत क्षणभर बाहेरच्यापेक्षा कमी दाब होतो, फटीतून ताजी हवा आत ओढली जाते आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये पेटतं.

हा आवाज सवयीचा करून घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. या गाडीत केबिनची ताजी हवा विंडस्क्रीनच्या पुढच्या जाळीतून येते आणि ती जाळी बॉनेटच्या मागच्या कडेला लागून आहे. इंजिनजवळ गळणारा धूर तिथून आत यायला फार वाट शोधावी लागत नाही. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. हिवाळ्यात काचा वर, हीटर चालू आणि मागच्या सीटवर मुलं, एवढं डोळ्यांपुढे आणलं तरी पुरे.

गळती नेमकी कुठे आहे हे इंजिन थंड आणि बंद असताना शोधलं. व्हॅक्यूम क्लीनरची नळी हवा बाहेर फेकणाऱ्या तोंडाला लावली, दुसरं टोक चिंध्या गुंडाळून टेलपाइपमध्ये घातलं आणि भांडी घासायच्या साबणाचं पाणी सगळ्या जोडांवर फवारलं. चार नंबरच्या सिलिंडरच्या पोर्टखाली (धूर बाहेर पडायच्या भोकाखाली) मोठे बुडबुडे. मधल्या पोर्टच्या खालच्या कडेला बारीक फेस. आणि हेडरच्या तीन नळ्या जिथे एकत्र येतात त्या वेल्डवर गंजाने पडलेलं टाचणीएवढं भोक. म्हणजे हेडर बदलायचाच आहे. पण नुसता नवा हेडर आणि नवं पॅकिंग लावून चालणार नाही. हेडच्या (सिलिंडरांवरच्या बिडाच्या झाकणाच्या) तोंडाशी हवा का निसटते, हे आधी समजायला हवं. गाडीच्या जुन्या बिलांत हेच पॅकिंग याआधीही बदलल्याच्या नोंदी आहेत.

२ मार्च, रविवार

बॅटरीची वायर काढली. एअर फिल्टरचे डबे, पेट्रोलची नळी, थ्रॉटल आणि चोकच्या केबली, मग दोन्ही कार्बोरेटर एकत्रच बाहेर. त्यांच्यामागचे उष्णतारोधक ठोकळे आणि पत्र्याचं हीट शील्ड. प्रत्येक टप्प्याला फोन काढून फोटो. शील्डची पॅकिंगं कोणत्या बाजूला किती होती, हे नंतर कुणालाच आठवत नाही.

या इंजिनची रचना इथे सविस्तर लिहून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) बी-सिरीज इंजिनांच्या हेडला इनटेक (हवा-पेट्रोल आत जायची वाट) आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला असतात. सिलिंडर चार, पण पोर्ट पाचच. पुढून मागे मोजलं तर : एक नंबरचा एक्झॉस्ट, एक-दोनचा सामाईक इनटेक, दोन-तीनचा सामाईक एक्झॉस्ट, तीन-चारचा सामाईक इनटेक, चारचा एक्झॉस्ट. हे पाच पोर्ट सहा स्टडवर (दोन्ही टोकांना आटे असलेल्या, बिनडोक्याच्या दांड्यांवर) धरलेले असतात. दोन टोकांचे स्टड फक्त एक्झॉस्टला धरतात. मधले चार स्टड मात्र इनटेक आणि एक्झॉस्ट यांच्या फ्लँजच्या (हेडवर टेकणाऱ्या सपाट तोंडांच्या) मधोमध उभे असतात आणि एकाच नटाने दोघांनाही दाबतात. त्यासाठी नटाखाली एक जाड, मोठा वायसर असतो. त्याचा अर्धा भाग इनटेकच्या कानावर (फ्लँजच्या बाहेर आलेल्या भागावर), अर्धा एक्झॉस्टच्या कानावर.

फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) १-३-४-२. त्यामुळे मधल्या पोर्टमधून क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) दर फेरीला एक धक्का जातो, टोकाच्या पोर्टांतून दर दोन फेऱ्यांना एक. मधला पोर्ट दुप्पट काम करतो, म्हणून तो सर्वांत जास्त तापतो.

नटांवर शुक्रवार रात्रीपासून गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं. अर्ध्या इंचाचा सहा कोनी सॉकेट घेतला, बारा कोनी नाही. गंजलेल्या नटाचे कोपरे बारा कोनी सॉकेट आधी खातो. जोर एका दिशेने न लावता थोडं सोडायचं, थोडं परत आवळायचं, पुन्हा तेल. दोन ठिकाणी नटाबरोबर स्टडच बाहेर आला. त्याचं वाईट वाटत नाही, स्टड तसेही नवेच घालायचे आहेत. सहावा, फायरवॉलकडचा (इंजिन आणि केबिन यांमधल्या भिंतीकडचा), मात्र हेडच्या तोंडापासून चार-पाच मिलिमीटरवर तुटला. त्याचं पुढच्या शनिवारी.

आजचा खरा शोध म्हणजे वायसर. चारही सामाईक जागांवर साधे, पातळ, बाजारातले वायसर होते आणि ते सगळे वाकलेले. उलटे करून पाहिलं तर इनटेकच्या बाजूला चकचकीत दाबाची खूण, एक्झॉस्टच्या बाजूला जवळजवळ काहीच नाही. म्हणजे नट कितीही आवळा, सगळा दाब ॲल्युमिनियमच्या इनटेकवर जात होता आणि हेडर नुसता टेकून उभा होता. पॅकिंग बदलणाऱ्या कुणीही वायसर उलटा करून पाहिला नव्हता.

पॅकिंग काढताना सावधगिरी. १९७० च्या गाडीत कोणत्या काळातलं पॅकिंग निघेल ते सांगता येत नाही आणि जुन्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ब्रिटनमध्ये पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर बंदी आली तीच मुळी १९९९ मध्ये. त्यामुळे चांगला मास्क, पॅकिंगवर पाणी फवारून ते ओलं ठेवणं आणि प्लॅस्टिकच्या बोथट पट्टीने सावकाश सोलणं. तारेचा ब्रश नाही, कॉम्प्रेसरची हवा तर अजिबात नाही. निघालेले तुकडे ओले असतानाच दोन पिशव्यांत बांधले, चिठ्ठी लावली. ते कौन्सिलच्या धोकादायक कचऱ्यात जातील. पोर्टांत चिंध्या कोंबल्या.

५ मार्च, बुधवार

संध्याकाळी कोल्हापूरला मामांना फोन केला. तिथे रात्र झाली होती, पण मामा जागे असतात. त्यांची उमर शिवाजी उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये गेली आणि अँबॅसडरची किती इंजिनं त्यांनी उघडली असतील याची गणती नाही. अँबॅसडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन याच बी-सिरीज घराण्यातलं. बोअर (सिलिंडरचा व्यास) लहान, स्ट्रोक (पिस्टनची धाव) तोच ८८.९ मिलिमीटर, आणि हेडच्या बाजूची मांडणी तीच.

"मामा, पॅकिंग परत परत उडतंय. आता कुठल्या कंपनीचं घालू?"

"अरे, पॅकिंगला कशाला बोल लावतोस? वायसर बघितलास का?"

"बघितला. वाकलाय. एकाच बाजूला घासलाय."

"मग झालं की. दोन कानांची जाडी एक नसंल, तर वायसर तिरका बसणार. पट्टी घे, जाडी माप. आणि जाड वायसर घाल, वाकणारा नको. आम्ही पायरी पाडून घालायचो."

पायरी म्हणजे : वायसरचा जो अर्धा भाग जाड कानावर बसतो, तो तेवढाच खोल कापायचा. मग दोन्ही कान सारखे दाबले जातात. मामांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला सुचली नव्हती : "हेडर घासून घेणार असशील, तर आधी घास, मग माप." घासल्यावर फ्लँजची जाडी कमी होते. आधी मापून पायरी पाडली, तर ती चुकीची ठरेल.

८ मार्च, शनिवार

तुटलेला स्टड. बाहेर चार-पाच मिलिमीटर शिल्लक होता, म्हणजे नट वेल्ड करायला जागा होती. घरी येऊन काम करणारा वेल्डर बोलावला. त्याने स्टडवर आधी एक वायसर, मग मोठा नट ठेवला आणि नटाच्या भोकातून वेल्ड भरला. या पद्धतीत निम्मं काम वेल्ड करतो आणि निम्मं उष्णता. स्टड लालभडक होऊन फुगतो, आजूबाजूचं बीड त्याला दाबून धरतं, आणि गार होताना स्टड मुळाशी किंचित आकसून गंजाची पकड सुटते. नट काळा पडेपर्यंत थांबलो, मेणबत्तीचं मेण आट्यांच्या मुळाशी टेकवलं, ते आत शोषलं गेलं. मग पाना पुढे-मागे, पाव-पाव फेरी. करकर आवाज करत स्टड निघाला.

बाकीचे तीन स्टड दोन नट एकमेकांवर आवळून काढले. आतल्या नटावर पाना लावून उलटं फिरवायचं, स्टड सरळ निघतो. पक्कड लावलेली नाही.

स्टडची मापं नोंदवतो : ५/१६ इंच. हेडमध्ये जाणाऱ्या टोकाला भरड आटे, इंचाला १८. नटाच्या टोकाला बारीक आटे, इंचाला २४. बिडात भरड आटेच टिकतात. बारीक आटे बिडात पाडले तर ते कण-कण होऊन सुटतात. मेट्रिकचा ८ मिलिमीटरचा स्टड दिसायला जवळपास सारखा असतो आणि दोन-तीन फेऱ्या जातोही, म्हणूनच तो धोकादायक. या गाडीच्या एका भोकात आधी कुणीतरी तेच केलेलं दिसतं. चार नंबरच्या पोर्टजवळचे, म्हणजे जिथून सर्वांत जास्त गळत होतं तिथलेच आटे गेलेले निघाले.

तिथे तारेच्या गुंडाळीचा आट्याचा इन्सर्ट घातला. भोक काटकोनात पडायला हवं, नाहीतर स्टड तिरका उभा राहील आणि नट एका कडेवर बसेल. म्हणून लोखंडी ठोकळ्यात आधी ड्रिल प्रेसवर सरळ भोक पाडून घेतलं, तो ठोकळा शेजारच्या स्टडवर अडकवून त्याच्या भोकातून ड्रिल चालवलं. बिडाला तेल लागत नाही, चुरा भुकटीसारखा निघतो, पण ती भुकटी पोर्टात जाऊ नये म्हणून ड्रिलच्या टोकाला ग्रीस फासून ठेवलं. उरलेल्या पाच भोकांत हाताने टॅप फिरवून फक्त आटे साफ केले. टॅपला जोर लावायचा नाही. कापला जातोय असं वाटलं की थांबायचं, कारण तिथे गंज नाही, बीड आहे.

हेडचं तोंड : अचूक सरळपट्टी तिरपी, आडवी, वर, खाली अशी धरली. फट मापायच्या फीलर गेजचं सर्वांत पातळ पान, ०.०५ मि.मी.चं, कुठेही शिरलं नाही. हेड निर्दोष आहे. मोठा दिलासा. हेड उतरवावं लागलं असतं, तर सगळं काम दुसरंच झालं असतं.

१२ मार्च, बुधवार

सामान आलं. स्टेनलेस स्टीलचा हेडर, एकसंध पॅकिंग, स्टडचा संच, नट.

नटांबद्दल बराच विचार केला. नायलॉक इथे चालत नाही, आतलं नायलॉन पहिल्याच फेरीत वितळतं. स्प्रिंग वायसरही निरुपयोगी. एवढ्या उष्णतेत त्याचा ताव उतरतो आणि तो साध्या वायसरसारखा सपाट होऊन पडून राहतो. जर्मन गाड्यांत तांब्याचा मुलामा दिलेले, आकार किंचित दाबलेले पूर्ण धातूचे लॉकनट वापरतात. ते घट्ट राहतात, पण प्रत्येक वेळी काढताना स्टडचे आटे खरवडतात. या गाड्यांवर चालत आलेला उपाय म्हणजे लांब पितळी नट. पितळ पोलादाच्या आट्यांवर गंजून चिकटत नाही, आणि कधी जास्त आवळलं गेलंच तर आटे नटाचे जातात, स्टडचे नाही. मी पितळी घेतले. ते स्वतः लॉक होत नाहीत, म्हणून ठरावीक अंतराने तपासणं आलंच, आणि ते मला मान्य आहे.

बोल्टऐवजी स्टडच का, हेही. आखूड बोल्ट आवळल्यावर फारच थोडा ताणला जातो. पॅकिंग केसभर दबलं की तेवढा ताण संपतो आणि बोल्ट ढिला. लांब स्टड जास्त ताणला जातो, त्यामुळे पॅकिंग बसल्यावरही त्याची ओढ शिल्लक राहते. आवळल्यावर सैल होणाऱ्या हेडर बोल्टांच्या बहुतेक तक्रारींचं मूळ या आखूडपणात आहे.

१५ मार्च, शनिवार

नव्या हेडरचे तीन फ्लँज एका पट्टीत नाहीत, सुटे आहेत. हे चांगलं. स्टेनलेस तापल्यावर बिडापेक्षा बरंच जास्त वाढतं : दर अंशाला मीटरमागे सुमारे १७ मायक्रॉन, बिडाचं ११-१२ च्या आसपास. शिवाय हेडमागे पाणी खेळतं, हेडरमागे नाही. ३०० मिलिमीटर लांबीची अखंड स्टेनलेस पट्टी ४०० अंशांनी तापली तर दोन मिलिमीटर लांब होईल. तेवढं सरकायला स्टडच्या भोकांत जागा नसेल, तर पट्टी कमान करते आणि मधला पोर्ट सुटतो. सुट्या फ्लँजमध्ये ही वाढ नळ्यांच्या वळणांत जिरते.

पण प्रत्येक फ्लँज वेल्डिंगमुळे वाकलेला होता. मधल्यावर सरळपट्टी ठेवल्यावर ०.२५ मि.मी.चं पान आरपार गेलं. नवीन वस्तू म्हणजे सपाट वस्तू, असं धरून चालू नये. वेल्ड गार होताना धातू एका बाजूला ओढतोच. हा कुणाचा निष्काळजीपणा नाही, त्या कामाचा स्वभाव आहे. तो दोष बसवणाऱ्यानेच काढायचा असतो.

दोन घरं सोडून एक गृहस्थ राहतात, सगळी नोकरी इथल्याच कारखान्यांच्या टूलरूममध्ये झाली. त्यांच्या शेडमध्ये बिडाची सरफेस प्लेट (तंतोतंत सपाट केलेला पाट) आहे. फ्लँजला निळं मार्किंग लावून प्लेटवर घासायचं, निळं पुसलं गेलं तो उंचवटा, तिथेच कानस मारायची, पुन्हा निळं. दुपारभर हेच चाललं. ते बोलत फार नाहीत, पण माझ्या हातातली कानस काढून घेऊन त्यांनी फक्त धरण्याची पद्धत बदलली : दोन्ही अंगठे वर, कोपरे अंगाशी, आणि मागे येताना कानस उचलायची. त्यानंतर माझी कानस गोलाई पाडायची थांबली. शेवटी जाड काचेवर १८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून आठाच्या आकारात घासलं. आता ०.०५ चं पान शिरत नाही.

मग जाडी. इनटेकचे कान चार जागी मापले, हेडरचे चार जागी. हेडर १.२ ते १.४ मि.मी. पातळ. मामांचं निदान तंतोतंत.

उपाय तीन होते. इनटेकचे कान वरून मिलिंग करून पातळ करायचे : नको, ॲल्युमिनियम आधीच जुनं, कान कमजोर होतील. हेडरच्या कानावर पातळ पत्र्याची चकती ठेवायची : चालतं, पण प्रत्येक वेळी ती निसटून पडते, आणि सरकली की पुन्हा तिरकेपणा. तिसरा उपाय पायरीचा वायसर. ६ मि.मी. जाडीच्या माइल्ड स्टीलच्या पट्टीतून चार आयताकृती तुकडे कापले, मधोमध भोक पाडलं, आणि इनटेककडची अर्धी बाजू त्या-त्या जागेच्या मापाने मिलिंग मशीनवर उतरवली. मापं चारही जागी थोडी वेगळी असल्याने प्रत्येक वायसरवर १ ते ४ आकडे ठोकले, आणि इनटेककडच्या कडेला बाण. आयताकृती केले कारण गोल वायसर नट आवळताना फिरतो आणि पायरी भलत्याच कानावर जाते. आयताला इनटेकची गोलाई अडवते, तो फिरत नाही.

२२ मार्च, शनिवार

जोडणी.

पॅकिंग आधी कोरडं टांगून पाहिलं. एक्झॉस्ट पोर्टांवर ते नीट बसतंय, मागच्या इनटेकवर मात्र कड दीड मिलिमीटर आत डोकावत होती. धारदार कात्रीने तेवढं छाटलं. वाटेत लोंबणारी कड तुटते आणि तिथून पॅकिंग उलगडायला लागतं. पॅकिंगची एक बाजू पत्र्याची, एक मऊ. पत्र्याची बाजू हेडरकडे ठेवली. प्रत्येक वेळी तापताना सरकतो तो हेडर, हेड नाही. सरकणाऱ्या वस्तूला गुळगुळीत धातू मिळावा, मऊ बाजू हेडला चिकटून स्थिर राहावी.

सीलंट कुठेही लावलं नाही. जोर लावून चालवताना पोर्टमधून निघणारा गॅस ७०० अंशांच्या पुढे जातो. नळीतलं सिलिकॉन तिथे राख होतं, आणि तोवर दोन पृष्ठांमध्ये थर बनून पॅकिंगला नीट दबू देत नाही. सपाट पृष्ठ आणि समान दाब असेल तर त्याची गरजच नाही.

स्टड हेडमध्ये हाताने तळापर्यंत, मग पाव फेरी मागे. तळाला टेकवून आवळलेला स्टड भोकाच्या तोंडाशी बीड फोडू शकतो. आट्यांना कॉपर ग्रीस, पण अगदी पातळ बोट. पान्यावर लावलेल्या जोरातला जेमतेम दहावा हिस्सा स्टड ताणण्यात जातो, बाकी सगळा घर्षणात. ग्रीसने घर्षण कमी झालं की त्याच आकड्याला स्टड कितीतरी जास्त ताणला जातो. मॅन्युअलचा आकडा १५ फूट-पाउंड, म्हणजे सुमारे २० न्यूटन-मीटर, कोरड्या आट्यांसाठी धरून मी १७ न्यूटन-मीटरवर थांबायचं ठरवलं.

क्रम :
पॅकिंग स्टडवर. हेडर खालून वर ओढून घेतला आणि जॅकखाली लाकडी ठोकळा ठेवून त्याचं वजन पेललं. हेडरचं वजन वरच्या स्टडवर लटकत असताना नट आवळले, तर फ्लँजची खालची कड उघडी राहते. मधल्या पोर्टखालचा फेस बहुधा त्यामुळेच होता. मग इनटेक, आकड्यांप्रमाणे वायसर, नट बोटांनी. सहाही नट बोटांनी शेवटपर्यंत जात नाहीत तोवर पाना हातात घ्यायचा नाही. एक अडला म्हणजे कुठेतरी काहीतरी तिरकं आहे.

आवळणी मधून बाहेर, तीन टप्प्यांत : ६, १२, १७. प्रत्येक टप्प्यानंतर आरसा आणि टॉर्च घेऊन वायसरच्या दोन्ही बाजू पाहिल्या. चारही ठिकाणी दोन्ही कानांवर सपाट. फीलरचं पान वायसरखाली कुठेही गेलं नाही. ही खात्री टॉर्क पान्याच्या टिचकीपेक्षा जास्त मोलाची. टिचकी फक्त नट फिरायला किती जोर लागला ते सांगते, तो जोर कुठे पोहोचला ते नाही.

हेडर पूर्ण आवळल्यावरच खालचा पाइप, त्याचा क्लँप आणि गिअरबॉक्सजवळचा आधार घट्ट केला. उलट क्रमाने केलं, तर पाइपचा ताण कायमचा फ्लँजवर राहतो. इंजिन रबरावर डोलतं, पाइप बॉडीला बांधलेला असतो. ती ओढाताण शेवटी सर्वांत वरच्या जोडावर येते.

हीट शील्ड, ठोकळे, नवी पॅकिंगं, कार्बोरेटर, केबली. पेट्रोलची नळी दोनदा तपासली. ती गरम हेडरच्या बरोबर वर आहे.

संध्याकाळी सुरू केली. नळ्यांवरच्या तेलाचा धूर आणि वास दहा मिनिटं राहिला. गॅरेजचं दार पूर्ण उघडं ठेवलं होतं. टिकटिक नाही. इनटेकच्या जोडांवर पाणी फवारलं, आयडल (पाय न देता चालतानाचा वेग) बदलला नाही. वीस मिनिटं चालवून बंद. रात्रभर तशीच.

२३ मार्च, रविवार

इंजिन पूर्ण थंड. त्याच क्रमाने १७ न्यूटन-मीटरला पुन्हा पाना लावला. मधले दोन नट आठवा भाग फेरी गेले, त्यांच्या शेजारचे त्याहून कमी, टोकाचे जागचे हलले नाहीत. अपेक्षित तेच. मधल्या पोर्टला सर्वांत जास्त उष्णता, तिथलं पॅकिंग सर्वांत जास्त दबणार. गरम असताना आवळत नाही, पितळ त्या वेळी मऊ असतं आणि आकड्याला अर्थ नसतो.

३० मार्च, रविवार

आज गुढीपाडवा. आणि आजच इथली घड्याळं एक तास पुढे गेली, त्यामुळे गुढी उभारायला सगळ्यांना जरा लवकरच उठावं लागलं. हळद-कुंकू, ताज्या कडुनिंबाऐवजी डब्यातली वाळवलेली पानं, श्रीखंड. दुपारी मुलांना मागे बसवून गेडनच्या मोटर म्युझियमपर्यंत जाऊन आलो. काचा वर, हीटर चालू, आणि माझ्या मनात धुराची शंका नाही. केबिनमध्ये सोबत कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवरचा अलार्म ठेवला होता, घरातलाच. वाटेत आकडा शून्यावर राहिला.

उतारावर पाय सोडल्यावर बार नाहीत. चढावर मात्र इंजिन किंचित कोरडं, म्हणजे पेट्रोल कमी पडल्यासारखं, वाटलं, तिसऱ्या गिअरमध्ये जोर देताना हलका अडखळा. घरी आल्यावर प्लग काढले : पांढुरके, पुढचे दोन जास्त. जुन्या गळतीच्या काळात कुणीतरी कानाने मिश्रण जुळवलेलं असणार. आता वाट मोकळी आहे. दोन्ही एसयूचे जेट नट (पेट्रोलचं प्रमाण ठरवणारे) एकेक फ्लॅट खाली घेतले, म्हणजे एक षष्ठांश फेरी. नळी कानाला लावून दोन्ही कार्बोरेटरांची फुसफुस सारखी केली. कार्बोरेटरचा पिस्टन उचलून पाहिला : वेग क्षणभर वाढून स्थिरावतो. आता बरोबर.

५ एप्रिल, शनिवार

साधारण १०० मैल झाले. थंड इंजिनवर पाना : एकही नट हलला नाही. मधलेसुद्धा नाहीत.

व्हॅक्यूम क्लीनर आणि साबणाचं पाणी पुन्हा. पाचही पोर्ट कोरडे, बुडबुडा नाही. खाली हेडर आणि पाइपच्या सरकत्या जोडावर बारीक फेस आला. क्लँप सोडून पाइप सेंटिमीटरभर आत ढकलला, क्लँपचं तोंड दुसऱ्या बाजूला फिरवून आवळला. फेस बंद.

वायसरचा एक जादा संच याच मापाने करून ठेवतोय, आकड्यांसह. जुने वाकलेले चार फोटो काढून मामांना पाठवले. त्यांचं उत्तर आलं : "मधल्या दोघांची खूण दाखव." ती दाखवली. आता त्यांना नव्या वायसरची खूणही बघायची आहे, पण त्यासाठी नट उघडणार नाही. पुढची तपासणी ५०० मैलांवर, थंड इंजिनवर, पाना १७ ला.